लॅपटॉप तापला? पाकीट उघडण्याआधी पंखा तपासा

गेल्या एप्रिलमधली गोष्ट. रात्रीचे दोन वाजले असतील. पाणी प्यायला उठलो तर आतल्या खोलीतून घूंऽऽ असा आवाज येत होता. आधी वाटले, पंख्याचे काही बिघडले. आत डोकावलो तर आमची थोरली पलंगावर बसलेली. पुढ्यात गोधडी, गोधडीवर लॅपटॉप आणि हातात जर्नलचा पुठ्ठा. त्या पुठ्ठ्याने ती लॅपटॉपला वारा घालत होती.

"अब्बू, हा आता परत बंद पडेल. आज दोनदा पडलाय," ती म्हणाली. सकाळी नऊ वाजता तिला प्रोजेक्ट द्यायचा होता.

हात लावून पाहिला तर कीबोर्डच्या वरच्या भागावर बोट टेकवत नव्हते. बाहेरच्या खोलीतला टेबल फॅन आणून लॅपटॉपच्या बाजूला लावला आणि आम्ही दोघेही तिच्याजवळ बसून राहिलो. फज्रच्या अजानच्या सुमारास तिचे काम एकदाचे संपले. तेव्हा कळले, हा प्रकार गेले दोन महिने चालू होता. तिने घरात सांगितले नव्हते, कारण सांगितले तर खर्च निघणार हे तिला ठाऊक होते.

आम्ही राहतो कर्वेनगरात. इथे गल्लोगल्ली मुलींची वसतिगृहे, झेरॉक्सची दुकाने आणि लॅपटॉप दुरुस्तीच्या पाट्या. त्यातल्याच एका दुकानात लॅपटॉप दिला. दोन दिवसांनी उत्तर मिळाले, "बोर्ड गेलाय. अठरा हजार लागतील. त्यापेक्षा नवाच घ्या." आमच्याकडे पैसे होते, पण ते जूनमध्ये भरायच्या फीचे होते. तरीही त्या संध्याकाळी आम्ही नव्या लॅपटॉपच्या किमती पाहत बसलो, हे कबूल केले पाहिजे.

थांबवले ते लेकीनेच. ती म्हणाली, "बोर्ड गेला असता तर सकाळी तासभर नीट कसा चालला असता? गार असताना चालतो, तापला की अडतो. आधी तो तापतो का ते तर पाहू."

हा काही पक्का पुरावा नव्हे, पण प्रश्न बरोबर होता. पुढच्या आठवड्यात आम्ही जे शिकलो ते वाचकांसाठी इथे मांडत आहोत. ज्या घरात एकच लॅपटॉप आहे आणि त्यावर मुलांचे शिक्षण चालले आहे, त्या घराला ते उपयोगी पडेल असे वाटते.

उष्णता येते कुठून?

लॅपटॉपचा मेंदू म्हणजे प्रोसेसर. त्याची चिप अंगठ्याच्या नखाएवढी किंवा जरा मोठी. पातळ, साध्या लॅपटॉपचा प्रोसेसर सर्वसाधारणपणे १५ वॅटच्या हिशेबाने बनवलेला असतो, तर इंजिनिअरिंगच्या किंवा खेळांच्या जाड लॅपटॉपचा ४५ वॅटच्या. आपल्या घरातला जुना झिरोचा दिवा आठवा. तो बहुधा १५ वॅटचाच असे आणि तासभर जळल्यावर त्याला हात लावता येत नसे. तेवढी उष्णता नखाएवढ्या जागेत निर्माण होते. ती सतत बाहेर काढावीच लागते.

त्यासाठी प्रोसेसरवर तांब्याची एक चपटी नळी बसवलेली असते. आतली हवा काढून तिच्यात थोडासा द्रव, बहुतेकदा पाणीच, ठेवलेले असते. प्रोसेसरकडच्या टोकाला त्याची वाफ होते, वाफ दुसऱ्या टोकाला जाऊन थंड होते आणि पाणी परत मागे येते. दुसऱ्या टोकाला कंगव्याच्या दातांसारख्या पातळ पत्र्यांची जाळी आणि तिच्याजवळ छोटा पंखा असतो. पंखा बहुधा तळातून हवा ओढतो आणि त्या जाळीतून मागे किंवा बाजूला फेकतो. प्रोसेसर आणि तांब्याचा पत्रा यांच्यामधली बारीक फट भरण्यासाठी एक लेप लावलेला असतो. त्याला थर्मल पेस्ट म्हणतात.

आता लॅपटॉप गोधडीवर ठेवला तर काय होते? दमाच्या बिर्याणीला देगचीचे झाकण आपण कणकेने बंद करतो, वाफ आतल्या आत राहावी म्हणून. गादी, उशी, रजई लॅपटॉपच्या तळाची भोके नेमकी तशीच बंद करतात. बिर्याणीला दम हवा असतो, लॅपटॉपला तो सोसत नाही.

दुसरे कारण ऋतूचे. पंखा खोलीतलीच हवा आत ओढतो, त्यामुळे लॅपटॉप खोलीपेक्षा गार होऊ शकत नाही. जानेवारीत खोली २० अंशांवर असताना प्रोसेसर ७५ वर राहत असेल, तर एप्रिलमध्ये खोली ३८ अंशांवर गेल्यावर त्याच कामाला तो नव्वदीच्या पुढे जाणार. पुण्याची हवा आल्हाददायक म्हणून प्रसिद्ध असली तरी एप्रिल २०१९ मध्ये इथेही पारा ४३ अंशांवर गेला होता.

प्रोसेसर साधारण ९५ ते १०० अंशांच्या आसपास पोचला की तो स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग कमी करतो. म्हणून तापलेला लॅपटॉप मंद होतो. तरीही उष्णता वाढतच राहिली तर तो स्वतःहून बंद होतो. आमच्या लेकीचा लॅपटॉप तेच करत होता. आम्हाला वाटले तो मरतोय, तो तर जीव वाचवत होता.

आवाज नीट ऐका

लॅपटॉपचा प्रत्येक आवाज वाईट नसतो. तीन प्रकार ओळखता आले तरी पुरे.

एक, वाऱ्याचा घूं किंवा सूं असा आवाज. व्हिडिओ चालू असताना किंवा मोठे काम करताना तो आला आणि नंतर शांत झाला तर काळजी नको. काहीच काम चालू नसताना तो सतत येत असेल, तर धूळ साचली आहे किंवा मागे काहीतरी गुपचूप चालू आहे.

दोन, घरघर, खरखर किंवा काहीतरी घासल्याचा आवाज. पंख्याचे बेअरिंग झिजले आहे किंवा पात्याला वायर वा कचरा लागतो आहे. पंखा बदलता येतो, त्यासाठी लॅपटॉप बदलावा लागत नाही.

तीन, जुन्या लॅपटॉपमधला टक्‌-टक्‌ असा ठोक्यांचा आवाज. हा पंख्याचा नसून बहुधा हार्ड डिस्कचा असतो आणि तो सर्वांत गंभीर. ऐकू आला की दुसरे काहीही करण्याआधी अभ्यासाच्या फायली, घरातले फोटो, कागदपत्रांच्या प्रती पेनड्राइव्हवर किंवा दुसरीकडे उतरवून घ्याव्यात.

घरच्या घरी, बिनपैशाचे

लॅपटॉप उघडण्याआधी आम्ही तीन गोष्टी केल्या.

पहिली, मागे काय चालू आहे ते पाहिले. विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात 'सीपीयू' या रकान्यावर क्लिक केले की सर्वाधिक काम करणारा प्रोग्रॅम वर येतो. आमच्या लॅपटॉपमध्ये दोन अँटिव्हायरस एकाच वेळी चालू निघाले. लॅपटॉप जुना घेतलेला, त्यातला एक आधीच्या मालकाचा होता. तो काढून टाकला. ब्राउझरमध्ये तीसेक पाने उघडी होती, ती बंद केली. फुकटात मिळालेले चोरीचे सॉफ्टवेअरही इथे पकडले जाते. काही वेळा त्यातून असा प्रोग्रॅम आत शिरतो, जो आपल्या लॅपटॉपला दुसऱ्यासाठी रात्रंदिवस राबवतो. चोरीच्या वस्तूपासून दूर राहण्याचे हे आणखी एक कारण.

दुसरी, वेग जरा आवरला. कंट्रोल पॅनेलमधल्या पॉवर ऑप्शन्समध्ये 'मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट' अशी ओळ असते. तिथे १०० ऐवजी ९९ टक्के केले की बऱ्याच लॅपटॉपमध्ये प्रोसेसरची जादा धाव थांबते. लिहिणे, वाचणे, ऑनलाइन वर्ग यात फरक जाणवत नाही, उष्णता मात्र कमी होते. काही लॅपटॉपमध्ये ही ओळ दिसत नाही. तिथे सेटिंग्जमधल्या पॉवर मोडमध्ये वीज वाचवणारा पर्याय निवडावा.

तिसरी, लॅपटॉपला उचलून ठेवले. मागची बाजू इंचभर वर आली तरी तळाला हवा मिळते. यावरून घरात एक छोटा प्रसंग घडला. नववीतल्या धाकट्याला रेहाल दिसली. उघडलेल्या रेहालच्या दोन कडांवर लॅपटॉप आडवा ठेवून तो म्हणाला, "बघा, खालून हवा जाते!" त्याची अक्कल चांगली होती, पण दादींनी हळूच लॅपटॉप उचलला आणि म्हणाल्या, "बेटा, ही जागा कुराणशरीफची. तुझ्या आपासाठी दुसरे काहीतरी शोधू." मग त्यांनी स्वयंपाकघरातून नानखटाई गार करायची तारेची जाळी आणून दिली. चार पायांवर उभी, खालून पूर्ण मोकळी. बाजारातल्या स्टँडपेक्षा ती कुठेही कमी नाही. ज्यांच्याकडे जाळी नसेल त्यांनी मागच्या दोन कोपऱ्यांखाली बाटलीची दोन सारखी बुचे ठेवावीत, भोके तेवढी झाकली जाऊ देऊ नयेत.

एवढ्यावर लॅपटॉप बंद पडणे कमी झाले, थांबले नाही. म्हणजे आत काहीतरी होते.

उघडला तेव्हा काय दिसले

लेकीच्या वर्गमैत्रिणीने एका छोट्या गाळ्यातल्या कारागिराचे नाव सुचवले. यावेळी आम्ही शहाणे झालो होतो. लॅपटॉप ठेवून आलो नाही. "आमच्यासमोर उघडाल का?" असे विचारले. तो म्हणाला, "बसा की."

तळाचे स्क्रू काढून त्याने आधी बॅटरीची वायर सोडवली, मग पंखा उचलला. पंखा आणि पत्र्याची जाळी यांच्यामध्ये धुळीची एक घडी बसली होती. राखाडी, जाड, पिंजलेल्या कापसासारखी. चिमट्याने ती अख्खी बाहेर आली. त्यात गोधडीचे धागे होते, केस होते आणि रस्त्याच्या खोदाईची माती होती. आमची खिडकी रस्त्यावरच आहे. पंखा जीव तोडून फिरत होता, पण हवा जायला वाटच नव्हती. प्रोसेसरवरचा लेप वाळलेल्या चुन्यासारखा कडक झाला होता. तो पुसून त्याने मटारच्या दाण्याहून लहान असा नवा लेप लावला.

उघडण्याआधी त्याने लॅपटॉपवर काम चालवून तापमान मोजले होते, ते ९७ अंश होते. सफाईनंतर त्याच कामाला ७४ अंश. अर्धा तास लागला, सातशे रुपये झाले. बोर्ड शाबूत होता.

पहिल्या दुकानदाराची नियत आम्ही जाणत नाही. कदाचित त्याने उघडून पाहिलेही नसेल. पण चूक आमचीही होती. कारण न विचारता आम्ही मान हलवली होती. म्हणून आता दुकानात गेल्यावर आम्ही चार गोष्टी सांभाळतो. देण्याआधी फायलींची प्रत काढून ठेवतो. बिघाड काय आणि खर्च किती, हे लिहून घेतो. भाग बदलला तर जुना भाग परत मागतो. आणि मोठा खर्च सांगितला तर दुसऱ्या ठिकाणी दाखवतो. वस्तू दुरुस्त करून वापरता यावी, सुट्या भागांची आणि सेवेची माहिती ग्राहकाला मिळावी, म्हणून केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे संकेतस्थळ सुरू केले आहे. फसवणूक झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

हे मात्र करू नका

शेजारच्या खालांनी प्रेमाने सल्ला दिला होता, "दहा मिनिटे फ्रिजमध्ये ठेवा." कृपया ठेवू नका. गार झालेली वस्तू बाहेरच्या उबदार हवेत आणली की आत दव धरते, आणि पाणी व वीज एकत्र आली की खरेच बोर्ड जाऊ शकतो. ओले फडकेही त्याच कारणाने नको. तोंडाने फुंकर मारली तर थुंकीचे कण आत जातात. घरातला धूळ ओढणारा व्हॅक्यूम क्लीनर स्थिर विजेने भाग बिघडवू शकतो. बाहेरून हवा मारायची तर लॅपटॉप बंद करून, चार्जर काढून, छोट्या ब्लोअरने थोडी थोडी मारावी. हवेने पंखा गरगर फिरू देऊ नये, त्याने बेअरिंग खराब होते. लॅपटॉप उघडलेला असेल तर पाते काडीने अडवून धरावे. उघडण्याची सवय नसेल तर ते काम कारागिरावर सोपवलेले बरे.

दोन गोष्टी जिवाच्या आहेत. बॅटरी फुगली की टचपॅड वर येतो, झाकण नीट बसत नाही, टेबलावर ठेवलेला लॅपटॉप डुगडुगतो. अशी खूण दिसली की त्याच क्षणी वापर थांबवावा, चार्जिंगला लावू नये, बॅटरी दाबू नये, टोचू नये आणि लवकरात लवकर जाणकाराकडे न्यावी. लिथियमच्या बॅटरीची आग किती गंभीरपणे घेतली जाते, याचे उदाहरण २००६ चे आहे. पेट घेण्याच्या धोक्यामुळे डेल कंपनीने तेव्हा सोनीने बनवलेल्या सुमारे ४१ लाख बॅटऱ्या परत मागवल्या होत्या. निकामी बॅटरी कचऱ्याच्या डब्यात टाकू नये. ती ई-कचरा घेणाऱ्या केंद्राकडेच द्यावी. आणि चार्जिंगला लावलेला लॅपटॉप रात्री गादीवर, पांघरुणाखाली ठेवून झोपू नये. लहान मुले असलेल्या घरात तर मुळीच नको.

मांडीवर लॅपटॉप घेऊन तासन्‌तास बसणेही टाळावे. २०१० मध्ये स्वित्झर्लंडमधल्या डॉक्टरांनी 'पीडियाट्रिक्स' या वैद्यकीय नियतकालिकात बारा वर्षांच्या एका मुलाची नोंद प्रसिद्ध केली. तो अनेक महिने रोज काही तास लॅपटॉप मांडीवर ठेवून खेळत असे. त्याच्या मांडीच्या कातडीवर जाळीसारखे तपकिरी डाग उठले होते. भाजल्याशिवायही मंद उष्णता कातडीला इजा करते.

टेबल कुणाचे?

लॅपटॉप दुरुस्त होऊन घरी आला त्या रात्री आम्ही लेकीला सहज रागावलो, "गोधडीवर ठेवून वापरायचा नाही, हे तुला माहीत नव्हते का?"

ती म्हणाली, "माहीत होते. पण ठेवू कुठे?"

आमच्या दोन खोल्यांच्या घरात टेबल एकच. त्यावर शिलाईची मशीन. ईदच्या आधी तर तिथे कपड्यांचे ढीग असतात. धाकटा जमिनीवर पाट घेऊन बसतो, दादींची खाट भिंतीशी. उरतो तो पलंग, तोही सगळे झोपायला गेल्यावर. दोन वर्षे आमची मुलगी इंजिनिअरिंगचा अभ्यास पलंगाच्या कोपऱ्यात बसून करत होती आणि आम्ही ते रोज पाहत होतो. लॅपटॉपला जागा नव्हती, कारण मुलीला जागा नव्हती.

आम्ही राहतो तो भाग म्हणजे जुने हिंगणे. विधवा आणि मुलींना राहून शिकता यावे म्हणून धोंडो केशव कर्वे यांनी १९०० मध्ये आपला आश्रम पुण्याच्या पेठेतून इथल्या माळावर, एका झोपडीत आणला. तेव्हा इथे ना रस्ता होता ना वस्ती. कर्वे फर्ग्युसन कॉलेजात शिकवत आणि तिथून हिंगण्यापर्यंत पायी येत. त्याच संस्थेने १९९१ मध्ये इथे खास मुलींसाठी अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू केले. या परिसरात मुलींच्या शिक्षणाची सुरुवातच त्यांना बसायला जागा करून देण्यापासून झाली. आम्ही त्याच कर्वेनगरात राहून आमच्या मुलीसाठी अडीच फुटांची जागा केली नव्हती.

आता घरात एक नियम आहे. रात्री नऊ वाजता शिलाईची मशीन उतरते, टेबल पुसले जाते आणि त्यावर नानखटाईची जाळी येते. जाळीवर लॅपटॉप, समोर खुर्ची. ती जागा रात्रीपुरती थोरलीची. महिन्यातून एकदा धाकटा लॅपटॉपच्या तळाची भोके कोरड्या, मऊ ब्रशने साफ करतो. वर्षातून एकदा, उन्हाळा लागायच्या आधी, तो त्या गाळ्यातल्या कारागिराला दाखवायचा असे ठरले आहे. रस्त्याकडची खिडकी खोदाई चालू असेपर्यंत दुपारी बंद राहते.

जूनमध्ये फी वेळेवर भरली. लॅपटॉप अजून तोच आहे. काम वाढले की पंखा सूं करतो, पण रात्री दोन वाजता पुठ्ठ्याने वारा घालायची वेळ पुन्हा आलेली नाही. ईदच्या आदल्या दिवशी मात्र दादी जाळी परत मागतात, त्या एका रात्री दोन बुचांवर काम भागते.

वाचकहो, आपल्याकडचा लॅपटॉप तापत असेल, आवाज करत असेल, तर आज संध्याकाळी एकच पाहा. तो कशावर ठेवलेला आहे, आणि तो वापरणारा कुठे बसलेला आहे.